खिशातील जुने घड्याळ घरी उघडताना

आजोबा-पणजोबांचे खिशातील घड्याळ घरात असेल, तर दुरुस्तीचा श्रीगणेशा त्या घड्याळापासून करू नये. शिकताना एखादे यंत्र हातून बिघडणारच, हे गृहीत धरून पहिले घड्याळ निवडावे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चावीची बंद घड्याळे शोधल्यास मिळतात, आणि विकणाऱ्याने ‘चालू आहे’ असे सांगितले तरी बंद समजूनच भाव करावा. यंत्र जितके मोठे तितके शिकायला सोपे. त्या दृष्टीने सोव्हिएत बनावटीचे ‘मोल्निया’ किंवा स्विस ‘युनिटास ६४९८’ ही साधारण ३६ मिलिमीटर व्यासाची यंत्रे नवशिक्यासाठी उत्तम आहेत.

घेण्यापूर्वी मागचे झाकण उघडून घड्याळ हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवावे. बॅलन्स व्हील, म्हणजे पुढे-मागे झुलून वेळेची लय ठरवणारे चाक, मोकळेपणाने झुलले तर ठीक. ते डगमगत असेल किंवा एका बाजूला कलले असेल, तर त्याच्या आसाचे टोक मोडले आहे असे समजावे. धक्का सोसणारी ‘इन्काब्लॉक’सारखी रचना १९३० च्या दशकात आली, त्यामुळे त्याआधीची घड्याळे एकदा हातातून पडली तरी हे केसाएवढे बारीक टोक मोडत असे. नवा आस लेथवर करावा लागतो, म्हणून असे घड्याळ सुरुवातीला घेऊ नये. आकडे किंवा काटे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर तो रंग खरवडू नये. जुन्या रंगात बहुधा रेडियम असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्यामुळे, चमक गेली तरी किरणोत्सार कायम असतो.

हत्यारे थोडीच पण चांगली घ्यावीत: डोळ्याला लावायचे भिंग, दोन बारीक चिमटे, तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, रबरी ब्लोअर आणि झाकणाच्या लहान डब्या. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत घट्ट बसेल इतके घासून घ्यावे, कारण पाते निसटले की पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, उठणारा ओरखडा कायमचा राहतो. त्यासाठी लागणारा धारेचा दगड पुण्याच्या बोहरी आळीत मिळतो. काम कडा असलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये करावे आणि बसण्यापूर्वी पंखा बंद करावा.

यंत्र उघडताना सर्वांत आधी मुख्य स्प्रिंगमधील ताण उतरवावा. ही पायरी चुकली, तर पॅलेट (चाकांना एकेक दाता अडवत-सोडत पुढे जाऊ देणारा छोटा भाग) काढताक्षणी सगळी चाके भरधाव फिरतात आणि दाते किंवा आस मोडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चावीचे बोंड घट्ट धरावे, ते किंचित पुढे फिरवून खटक्यावरचा (चावी उलटी फिरू न देणाऱ्या अडसरावरचा) दाब कमी करावा, टोकदार काडीने खटका बाजूला धरावा आणि बोंड बोटांतून हळूहळू उलटे फिरू द्यावे. वेगळ्या किल्लीने चावी द्यायचे घड्याळ असेल, तर हेच काम किल्ली हातातून न सोडता करावे. त्यानंतर काटे, तबकडी, बॅलन्स, पॅलेट आणि शेवटी चाके या क्रमाने जावे व प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे. एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर तीन खाचा दिसल्या, तर तो बहुधा उलट्या आट्याचा असतो. जोर न लावता तो उजवीकडे फिरवून सोडवावा. बॅलन्स त्याच्या पुलासह उचलताना हेअरस्प्रिंग, म्हणजे त्याला जोडलेली केसासारखी बारीक वेटोळी स्प्रिंग, ताणली जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण पीळ बिघडलेली हेअरस्प्रिंग सरळ करणे नवशिक्याचे काम नव्हे.

पितळी चाके आणि पूल व्हाइट पेट्रोलमध्ये धुता येतात. अर्थात खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळ दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसताना. पॅलेट आणि बॅलन्स मात्र स्पिरिटमध्ये भिजवू नयेत. त्यांवरील माणके (झीज टाळण्यासाठी बसवलेले कठीण खडे) लाखेपासून केलेल्या शेलॅकने चिकटवलेली असतात आणि स्पिरिटमध्ये शेलॅक विरघळते. धुतलेले भाग पूर्ण वाळवावेत. पुण्याच्या पावसाळी हवेत ते उघडे ठेवले तर पोलादी भागांना गंज धरतो.

जोडणीत पॅलेट बसवण्याआधी दोन-चार दात चावी द्यावी. चाके सहज फिरून थांबताना किंचित उलटी गेली, तर मार्ग मोकळा आहे. अडखळली तर तेल देऊन ते झाकू नये, पुन्हा खोलून घाण शोधावी. तेल फक्त घड्याळाचेच वापरावे, शिलाई मशीनचे नव्हे. माणकाभोवतीची वाटी निम्म्याहून थोडी अधिक भरेल एवढेच तेल द्यावे. चाकांचे दाते आणि पॅलेटच्या आसाची टोके कोरडीच ठेवावीत.

घड्याळ चालू लागले की पूर्ण चावी देऊन ते २४ तास आडवे आणि पुढचे २४ तास खिशात असते तसे उभे ठेवावे. दोन्ही स्थितींत एकाच दिशेने मिनिट-दोन मिनिटे फरक पडत असेल, तर बॅलन्सच्या पुलावरील काटा हलवून तो कमी करता येतो: पुढे काढण्यासाठी ‘एफ’ या खुणेकडे किंवा फ्रेंच खुणांत ‘ए’कडे, मागे आणण्यासाठी ‘एस’ किंवा ‘आर’कडे. काटा एका वेळी केसभरच सरकवावा. हेअरस्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटून घड्याळ अचानक खूप पुढे जाऊ लागले, तर त्या काट्याला हात न लावता जवळ होकायंत्र धरून पाहावे. त्याची सुई थरथरली, तर यंत्रात चुंबकत्व आले आहे आणि ते घड्याळजीकडून उतरवून घ्यावे.