साबणाने केस धुतल्यावर चिकट होत होते, ते असं सुटलं

शाम्पू सोडून खोबरेल तेलाचा हाताने बनवलेला साबण केसांना लावायला लागले तर पंधरा दिवसांत केस मेणासारखे चिकट, कंगव्याच्या दातांत पांढरट राप बसायचा, आणि मी साबणालाच दोष देत बसले. मग दिवाळीत पंचवटीत आईकडे त्याच साबणाने न्हाले तर केस एकदम मोकळे! तिथे नळाला गंगापूर धरणाचं पाणी, आमच्याकडे पाथर्डी फाट्याला बोअरचं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं, बादलीला बसतो ना तोच, तो केसांवर बसत होता.

आता शेवटचे दोन तांबे बोअरच्या नाही, धरणाच्या नळाच्या पाण्याचेच घेते, आणि त्याआधी १ लिटर पाण्यात अर्धं लिंबू गाळून (बिया-चोथा केसात अडकतो खूप) ते केसांवरून सोडते, डोळे घट्ट मिटून, मिनिटभर ठेवते. साबण अल्कलीवाला, पीएच ९-१० च्या आसपास, त्याने केस खरखरीत होतात, लिंबाच्या आंबटपणाने ते बसतात आणि साकाही सुटतो. वडी थेट केसांवर घासू नका, हातावर फेस करून फक्त मुळांना लावा. तिसऱ्या न्हाण्याला कंगवा स्वच्छ निघाला, इतकं बरं वाटलं!