मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला करताय? या चुका टाळा

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात पडतं आणि पहिला प्रश्न येतो, "आई, किल्ला कधी?" आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात गेली सहा वर्षं किल्ला होतोय. पहिल्या वर्षीचा नरकचतुर्दशीच्या पहाटे बसला. बसला म्हणजे खरोखरच खाली बसला. अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास घेऊन मुलं खाली धावली, तर बालेकिल्ल्याच्या जागी चिखलाचा ढिगारा आणि त्यात कमरेपर्यंत रुतलेले मावळे. पुढच्या प्रत्येक वर्षी आम्ही एकेक नवी चूक केली. आता हिशोब मांडला तर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: आपण उशिरा सुरू करतो, आणि उशीर झाला म्हणून मुलांच्या हातातली थापी काढून घेतो.

धनत्रयोदशीला मुहूर्त करणं

उलटे दिवस मोजा. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल तर अळीव त्याआधी पाच-सहा दिवस पेरलेले हवेत. पेरायच्या आधी माती दोन दिवस तरी मुरायला हवी. त्याआधी सांगाडा रचायला एक दिवस आणि विटा, दगड, माती जमवायला एक दिवस. म्हणजे कोजागिरीचं दूध पिऊन झालं की तयारीला लागायचं. परीक्षा चालू असेल तर मधल्या रविवारी नुसत्या विटा गोळा करा, तेवढ्याने अभ्यास बुडत नाही.

उशीर झालाच असेल तर किल्ल्यावर पेरू नका. करवंट्यांमध्ये किंवा पसरट ताटलीत अळीव पेरून गॅलरीत उन्हाला ठेवा आणि उगवले की पायथ्याशी "शेतं" म्हणून मांडा. डोंगराला हिरवा रंगवलेला लाकडी भुसा लावला तरी चालतो. मुलांना त्यात काही कमी वाटत नाही, कमी वाटतं ते आपल्याला.

नुसत्या मातीचा डोंगर

आमचा पहिला किल्ला बसला तो यामुळेच. चार घमेली चिखल एकावर एक थापला. वरून सुकला, आत ओलाच राहिला. रात्री कुणीतरी प्रेमाने आणखी पाणी घातलं आणि पहाटेपर्यंत सगळा उतार घसरून खाली आला.

आत सांगाडा हवाच. विटांचे तुकडे, दगड, फुटकी कुंडी, उपडी घातलेली जुनी बादली, काहीही चालतं. हे रचतानाच भुयाराची जागा सोडायची, कारण नंतर कोरायला गेलं की छप्पर खाली येतं. मग गोणपाट घ्यायचं, पातळ चिखलात बुडवून पिळल्यासारखं काढायचं आणि सांगाड्यावर पांघरायचं. त्याला पडणाऱ्या घड्या मोडू नका. त्याच सह्याद्रीच्या सोंडा आणि घळी होतात, हाताने कोरून इतक्या छान कधी जमत नाहीत. त्यावर बोटभर जाडीचा चिखलाचा थर पुरतो.

एका वर्षी गोणपाट मिळालं नाही म्हणून सिमेंटची प्लॅस्टिकची गोणी वापरली. चिखल तिच्यावर ठरतच नाही, साय सरकावी तसा सरकतो. गोणपाट नसेल तर जुनी सुती चादर किंवा जाडसर टॉवेल घ्या.

गॅलरीत किल्ला करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पाणी वाहून जायची नळी किल्ल्याखाली येऊ देऊ नका. ती तुंबली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात, आणि त्या फराळाचं ताट घेऊन आलेल्या नसतात. खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं, कठड्यापासून वीतभर जागा सोडायची आणि सांगाडा हलका ठेवायचा.

भेगा पडल्या, आता काय?

माती कुठली घेतलीत ते बघा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडतात तशाच भेगा किल्ल्यावर पडतात. नुसती काळी माती नकोच. लाल माती किंवा मुरमाड माती घ्या, ती चाळा, त्यात थोडी वाळू आणि बारीक तोडलेलं वाळकं गवत किंवा भुसा मिसळा. चिखल भाकरीच्या पिठाइतका घट्ट हवा. लाडू वळून पाहायचा: हाताला फार चिकटला तर पाणी जास्त, फुटला तर कमी.

भेगा पडल्याच तर वरून जाड चिखल थापू नका, तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. आधी भेगेत पाणी शिंपडा, मग ताकाइतका पातळ चिखल त्यात सोडा आणि ओलं असतानाच वरून चाळलेली कोरडी लाल माती भुरभुरा. भेग बुजते आणि डोंगराला खरखरीत रूपही येतं. माती चाळणं केवळ रूपासाठी नाही. बांधकामाजवळच्या मातीत काचा आणि खिळे निघतात, उघड्या ढिगात मांजरांची घाण असते. मोठ्यांनी आधी चाळायची, मग मुलांच्या हाती द्यायची. फराळाच्या डब्याजवळ जायच्या आधी हात साबणाने, नखांसकट.

अळीव: पिवळे, आडवे, नाहीतर गायब

उतारासाठी अळीवच चांगले. भिजले की ते बुळबुळीत होतात आणि मातीला चिकटून बसतात. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते, तिथे दाट जंगल आणि वर टक्कल. मोहरी सपाट जागी पेरा. बियाणं घरातल्या डब्यातलंच घ्या. शेतीसाठी मिळणाऱ्या गुलाबी-हिरव्या रंगाच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते लहान मुलांच्या हातात नको.

उगवलेच नाहीत? बहुधा पेरल्यावर मगाने पाणी ओतलं गेलं आणि बी वाहून गेलं, किंवा चिमण्या-कबुतरांनी टिपलं. पहिले दोन दिवस ओलं फडकं झाकून ठेवा, कोंब दिसले की काढा. पाणी बोटांनी शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ.

लांब, पिवळे आणि आडवे पडलेले अळीव म्हणजे उजेड कमी. जिन्याखाली किल्ला असेल तर हे होणारच, तिथे वर सांगितलेल्या ताटल्या बऱ्या. पांढरी बुरशी आली तर फार दाट पेरलंय आणि पाणी जास्त होतंय. तेवढा भाग चिमटीने उपटून टाका, तिथे पायवाट करा.

आणि सगळीकडे पेरू नका. आमच्या एका वर्षीच्या किल्ल्यावर इतकं गवत झालं की तटबंदी दिसेना. कडे उघडेच शोभतात.

तळं, कारंजं, दिवे

तळ्यासाठी खड्डा करून पाणी भरलं की ते झिरपून पायथाच विरघळतो. कढई किंवा ट्रे पुरा, आणि पाणी रोज बदला. डेंग्यूच्या डासांना असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. कारंज्याची नळी औषधाच्या दुकानातून नवी आणा, वापरलेली सलाईनची नको. कारंजं उडत नसेल तर पाण्याची बाटली आणखी उंच टांगा. बाटलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर धार जातच नाही. ओल्या मातीवर विजेच्या माळा सोडू नका, बॅटरीचे दिवे वापरा. पणत्या पायथ्याशी सपाट जागी, मुलांच्या झग्यांपासून दूर. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही. शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब पुरायची हौस मोठ्या मुलांना असते. खडे थेट डोळ्यांत उडतात. याला सरळ नाही म्हणायचं.

बाबांचा किल्ला

आता सगळ्यात मोठी चूक. संध्याकाळी पार्किंगमध्ये चक्कर मारा: तीन बाबा गुडघ्यावर बसून बुरूज गुळगुळीत करताहेत, मुलं बाजूला उभी राहून पाणी आणून देताहेत आणि मधूनमधून ओरडा खाताहेत, "हात लावू नको, ओलं आहे!" स्पर्धा असली की विचारायलाच नको. एका वर्षी मी स्वतः रात्री अकराला मुलाने लावलेल्या पायऱ्या काढून सरळ करून लावल्या. सकाळी तो म्हणाला, "हा आपला नाहीये." दिवसभर तो खाली आला नाही.

वयाप्रमाणे काम वाटून दिलं की हे टळतं. तीन-चार वर्षांच्यांना चिखल तुडवू द्या. या कामात त्यांच्यासारखं कुणी नाही, फक्त ते वीस मिनिटांत कंटाळतात हे धरूनच चाला. पाच ते सात वर्षांच्यांनी पेल्यात चिखल दाबून बुरूज पाडावेत, आइस्क्रीमच्या काड्यांचे दरवाजे करावेत. त्याहून मोठ्यांनी नकाशा काढावा.

नकाशासाठी एखादा खरा किल्ला धरला तर "मनातला किल्ला" करताना होणारी भांडणं निम्मी होतात. लहानांना राजगड लवकर समजतो. तीन बोटं पसरायची, पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, आणि मधे तळव्यावर बालेकिल्ला. सिंधुदुर्ग करायचा तर परातीत पाणी घेतलं की समुद्र तयार. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांमध्ये हे दोन्ही आहेत, आणि त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे. तो करायचं म्हटलं तर नकाशा शोधण्यातच मुलांची एक दुपार जाते. सुट्टीत प्रत्यक्ष किल्ला दाखवायचा असेल तर चिमुरड्यांना घेऊन राजगड चढायचं धाडस नको. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते, रायगडाला रोपवे आहे.

मावळे अगदी शेवटी मांडा. मातीच्या चित्रांचा रंग पाण्याने उतरतो, म्हणून प्रत्येकाखाली फरशीचा किंवा कौलाचा तुकडा ठेवा आणि शिंपडताना उचलून घ्या. मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असणार, वाघ गाईएवढा असणार, ते सोडून द्या. महाराज सगळ्यात वर, एवढा एक नियम पुरे. आमच्या पायथ्याशी दोन वर्षं एक पिवळा जेसीबी उभा होता. आजोबांनी समजावलं, "अरे, महाराजांच्या काळी जेसीबी नव्हता." धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, मग इतके दगड वर कसे नेले?" आजोबा त्याच्याशेजारी बसले. पाथरवट, हत्ती, दोर असं सगळं सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला.

मोडताना

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाडलोटीच्या घाईत मुलं झोपलेली असताना किल्ला उचलून टाकणं, हीही चूकच. आमच्याकडे तो तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. मग मावळे मुलांनीच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायचे आणि पहिला घाव त्यांनीच घालायचा. चिखल गटारात लोटू नका, पुढच्या पावसाळ्यात तोच आडवा येतो. दोन दिवस सुकू दिला की फोडून पोत्यात भरता येतो. आम्ही अर्धी माती पुढच्या वर्षासाठी ठेवतो, अर्धी कुंड्यांत घालतो. मार्गशीर्षात कधीतरी गुलाबाच्या कुंडीत दोन अळीव डोकं वर काढतात, आणि धाकटा त्यांना पाणी घालायला धावतो.