‘नॉट माय फेव्हरेट’ म्हणजे दुसरा नंबर नव्हे

मंडळी, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला नवीन आलात की स्नो बूट कुठले घ्यायचे, क्रेडिट हिस्टरी कशी बनवायची, ड्रायव्हिंग टेस्टला पॅरलल पार्किंग येतं का, हे सांगणारे शंभर जण भेटतील. मी आज एकच गोष्ट सांगणार आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि त्यापायी एका भल्या माणसाला मी अख्खा हिवाळा मेथीचे लाडू खायला घातले.

झालं असं, माझी इथली पहिलीच थंडी, बाहेर उणे वीस, बायकोने घरच्यासारखे मेथीचे लाडू केले, डिंक-खारीक घालून, चांगले कडू. शेजारच्या क्युबिकलमधल्याला मी एक दिला. त्याने घास घेतला, थांबला, पाणी प्यायला, आणि हसून म्हणाला, ‘हं, नॉट माय फेव्हरेट, बट थँक यू सो मच!’ आता मी सांगलीचा माणूस, मराठी मिडियम, मी हिशोब केला की फेव्हरेट म्हणजे सगळ्यात आवडता, तो नाही म्हणजे पहिला नंबर गेला, पण दुसरा-तिसरा असेलच की. शिवाय थँक यू म्हणाला, तेही सो मच. दर सोमवारी दोन लाडू, मार्चपर्यंत. बिचारा दर वेळी घ्यायचा. वर्षभराने चांगली दोस्ती झाल्यावर त्यानेच सांगितलं की बाबा रे, ‘नॉट माय फेव्हरेट’ म्हणजे मला हे आवडत नाही, परत देऊ नकोस.

तर इथे गंमत अशी आहे की नावड सांगायला लोक आवडीच्याच टोकाचा शब्द वापरतात. बेस्ट, फेव्हरेट, बिगेस्ट, ग्रेटेस्ट, आणि मग पुढे नुसतं ‘नॉट’ लावतात. किंवा ‘लीस्ट’ लावून तीच शिडी उलटी धरतात. आपल्याकडे सरळ ‘नावडतं’ हा शब्दच आहे, आवडती राणी आणि नावडती राणी, नावडतीचं मीठ अळणी, विषय संपला. ‘लीस्ट फेव्हरेट’चं शब्दशः मराठी केलं तर ‘सगळ्यात कमी आवडतं’ होतं, आणि ऐकताना वाटतं की थोडं तरी आवडत असेल. नसतं. ‘एक्सपेन्स रिपोर्ट भरणं इज माय लीस्ट फेव्हरेट पार्ट ऑफ द जॉब’ असं कुणी म्हणालं की त्याचा अर्थ त्या कामाचा त्याला वैताग आहे, फक्त हसत सांगतोय. उलट आपलं ‘बरंय’ त्यांना समजवून बघा, एवढ्याशा शब्दात आवड, नावड आणि ‘आता विषय बदल’ हे तिन्ही बसतं, त्यामुळे आपण फार साधेसरळ असा आव आणायचं कारण नाही.

ऑफिसात मात्र नीट कान द्या, कारण तिथे लाडवाचा नाही, कामाचा प्रश्न असतो. मॅनेजर डिझाईन बघून ‘आयॅम नॉट द बिगेस्ट फॅन ऑफ धिस अप्रोच’ म्हणाला, की कीबोर्डवरून हात काढा. मी काय केलं, मला वाटलं मोठा फॅन नाही तर छोटा असेल, अजून चार दिवस तेच रेटलं आणि पाचव्या दिवशी सगळं फेकून दिलं. ‘प्रॉबॅब्ली नॉट द बेस्ट आयडिया’ म्हणजे करू नका. ‘नॉट द ग्रेटेस्ट टायमिंग’ म्हणजे आत्ता नको. शंका आली तर तिथेच विचारा, ‘सो शुड आय चेंज इट?’ त्यात कमीपणा काही नाही, उलट त्यांची सुटका होते.

‘द लास्ट थिंग आय वॉन्ट’ हा आणखी एक सापळा. ‘द लास्ट थिंग आय वॉन्ट इज अ मीटिंग ऑन फ्रायडे’ हे ऐकून आमच्यातल्या एका नव्या मुलाने शुक्रवारची मीटिंग लावली, का तर त्याला वाटलं यादीतलं शेवटचं काम राहिलंय! इथे लास्ट म्हणजे यादीच्या तळाशी, म्हणजे जगात दुसरं काही करायचं शिल्लक नसेल तरीही नको.

आणि याच्या बरोबर उलटं पण आहे. ‘नॉट द वर्स्ट’ म्हणजे चांगलं आहे. ‘नॉट टू बॅड’ तर मिनेसोटात जवळजवळ शाबासकी समजा, पाठ थोपटली असं धरून चाला. ‘कुडन्ट अग्री मोर’ ऐकून तोंड पाडू नका, तो शंभर टक्के तुमच्या बाजूने बोलतोय. एकदा कान बसला की कळतं, पण पहिले सहा महिने शब्द कमी आणि सूर जास्त ऐका: फेव्हरेटवर आवाज लांबला, भुवया वर गेल्या, मागून ‘बट’ आलं, की समजा नापास.

एक मात्र खरं, कुणी कोथिंबिरीला नॉट माय फेव्हरेट म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका आणि ‘थोडी खाऊन तर बघ’ म्हणून मागेही लागू नका. काही लोकांना कोथिंबीर खरोखर साबणासारखी लागते, त्यात वासाशी संबंधित जीनचा हात असतो. पोह्यांवर वेगळी ठेवा, ज्याला हवी तो घेईल.

तुम्ही स्वतः वापरायला लागाल तेव्हा एक सांभाळा. जिथे ठाम नकार हवा तिथे हे चालत नाही. शाकाहारी असाल तर ‘मीट इज नॉट माय फेव्हरेट’ असं लाजून म्हणू नका, पॉटलकला (म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण) तुमच्या ताटात प्रेमाने चिकन हॉटडिश, म्हणजे इथला ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, पडेल. ‘आय डोन्ट ईट मीट’, बास. आणि त्या रंगीत थरथरणाऱ्या जेलो सॅलडमधलं, म्हणजे जेलीच्या गोड पदार्थातलं, जिलेटिन जनावरापासून बनतं हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण नावात सॅलड आहे म्हणून आमच्या घरी दोन वर्षं ते आनंदाने खाल्लं गेलंय. ॲलर्जी असेल तर तर सरळच बोला.

डॉक्टरकडे तर मुळीच नाही. ते विचारतात, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात भयंकर दुखणं. आपले आईवडील असतील तर ओठ चावत ‘तीन’ म्हणतील, वर ‘नॉट द बेस्ट, बट ओके’. गाडीत बसतानाच त्यांना समजावून ठेवा की इथे सोसण्याचे मार्क मिळत नाहीत.

तसं या गावाचा स्वभावच असा की निवडणुकीतसुद्धा ‘हा नको’ असं लिहायची सोय नाही. मिनियापोलिसला २००९ पासून शहराच्या निवडणुकीत पसंतीक्रम देतात, तीन नावांपर्यंत, पहिली, दुसरी, तिसरी पसंती. नको त्याला काहीच द्यायचं नाही, कोरं सोडायचं. आपल्याला नागरिक होईपर्यंत मत नाही, पण नमुना बघायला हरकत नाही.

मुलं हे सगळं डेकेअरमध्येच शिकून येतात. तिथे ‘यक्’ म्हटलेलं चालत नाही, ‘इट्स नॉट माय फेव्हरेट’ म्हणायला शिकवतात. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आई इथे आली होती, तिने हौसेने शेपूची भाजी केली. तो अगदी शहाण्यासारखा म्हणाला, ‘आजी, शेपू इज नॉट माय फेव्हरेट.’ आईने मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि ती म्हणाली, ‘अरे मग फेव्हरेट नसेना का, खाईल की.’ आणि अजून एक डाव वाढला.