इंजिन बदललेल्या जुन्या जिप्सीत सेन्सरचा बिघाड कसा शोधावा

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), सेन्सर वगैरे भानगडच नव्हती. आज हौशी मालक त्याच पहिल्या जिप्सीत, म्हणजे एमजी ४१० मध्ये, एस्टीमचं किंवा जिप्सी किंगचं १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवून घेतात. घाटात गाडीला दम येतो, पण इंजिनासोबत दुसऱ्या गाडीचं हार्नेसही (वायरींचा जुडगा) येतं आणि ते जुन्या गाडीच्या वायरिंगला कुणीतरी हाताने जोडलेलं असतं.

त्यामुळे गाडी झटके मारायला लागली की ‘सेन्सर गेलाय’ हे निदान लगेच मान्य करू नका. नवा सेन्सर बसतो, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा गाडीत आधी जोडणी, मग अर्थ, मग कूलंटची वाट आणि सगळ्यात शेवटी सेन्सर, हाच क्रम ठेवा. सगळ्यात जास्त फसवतो तो कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ईसीयूला सांगणारा कूलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणून तोच उदाहरणाला घेऊ.

लक्षणं अशी: थंड इंजिन पटकन सुरू होतं, पण गरम झाल्यावर काळा धूर, पेट्रोलचा वास, स्लो (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली. अ‍ॅव्हरेज पडतं आणि गरम गाडी बंद केली की लवकर स्टार्ट होत नाही. ईसीयूला इंजिन अजून थंडच आहे असं कळतंय, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतोय. आता त्याला हे चुकीचं कोण सांगतंय ते शोधायचं.

कोड (ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा आकडा) वाचण्याआधी

एमजी ४१० च्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाच नव्हता. इंजिन बदलताना तो वेगळा लावलाय का, हे आधी बघा. चावी ऑन केल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोड नसण्याला काही अर्थ नाही. सुझुकीच्या त्या पिढीतल्या ईसीयूत डायग्नोसिस कपलरमधली (तपासणीसाठीच्या वायरिंगच्या जोडातली) ठरलेली पिन अर्थला जोडली की दिवा लुकलुकून कोड सांगतो. १२ म्हणजे सगळं ठीक, १४ आणि १५ म्हणजे कूलंट सेन्सरचं सर्किट. मोबाईलला जोडायचे, कोड वाचणारे स्वस्त ओबीडी डोंगल इतक्या जुन्या ईसीयूशी बहुधा बोलत नाहीत.

पिनांची जागा आणि कोड तुमच्याच ईसीयूच्या मॅन्युअलमधून पक्के करा. इंजिन बदलाला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते (मोटार वाहन कायदा, कलम ५२). त्याच कागदांसोबत ईसीयूचा पार्ट नंबर आणि इंजिन कुठल्या गाडीचं, हे लिहून ठेवलंत तर पुढच्या प्रत्येक मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या: कोड सेन्सरकडे नाही, सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, दोन वायरी, मधले सांधे आणि ईसीयू एवढं सगळं येतं.

तपासणी

आधी नेमका सेन्सर ओळखा. या इंजिनावर तापमानाचे दोन भाग असतात. एका वायरचा, म्हणजे सेंडर, डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठी, दोन वायरींचा सेन्सर ईसीयूसाठी. डॅशबोर्डचा जुना काटा नव्या सेंडरशी जुळत नसेल तर चुकीचं तापमान दाखवेल. काट्याचा सेंडर बॉडीतूनच अर्थ घेतो, त्यामुळे त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी काटा बिघडतो. ईसीयूचा याच्याशी काही संबंध नाही.

मग दोन वायरींचा कपलर काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. कपलरच्या एका पिनवर अर्थच्या तुलनेत साधारण ५ व्होल्ट आले पाहिजेत. नाही आले तर सेन्सर विकत घेऊ नका, वायर मागे मागे तपासत ईसीयूपर्यंत जा. ५ व्होल्ट आले तर कपलर पुन्हा लावा आणि मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून व्होल्टेज बघा. वायरीचं प्लास्टिक टोचू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं. इंजिन थंड असताना दोन-तीन व्होल्ट दिसतील, ते तापत जाईल तसे सावकाश उतरत एक व्होल्टच्या खाली यायला हवेत. उतरताना आकडा मध्येच उडी मारत असेल तर हार्नेस हातात धरून हलवून बघा. हलवल्यावर आकडा बदलला की बिघाड तुमच्या हातातच आहे.

बहुतेक वेळा तो डॅशबोर्डखाली सापडतो. काळी टेप सोडवली की आत नुसत्या पिळलेल्या दोन वायरी निघतात, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, टेपचा चिकट डिंक तांब्यावर उतरलेला. असे सांधे एकेक करून सोल्डर करा आणि हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. वेळ खाणारं काम आहे, पण या गाडीला याहून मोठी मदत दुसरी नाही.

अर्थ मोजताना मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी कमजोर आहे. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून सेन्सरची अर्थ वायर मोजा. तिथे ०.१ व्होल्टच्या आत हवं. जुनी चेसिस रंगवलेली असते आणि अर्थचा बोल्ट रंगावरच कसलेला असतो. जागा घासून धातू उघडा करा.

इथवर सगळं बरोबर असेल तर सेन्सर खरं बोलतोय का, हा प्रश्न उरतो आणि इथेच जाणकारही चुकतात. आपल्याकडे ‘गाडी गरम होऊ नये’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची खोड आहे. मग मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापतच नाही आणि सेन्सर ते प्रामाणिकपणे कळवतो. थर्मोस्टॅट परत बसवा. दुसरं, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसवला असेल तर वर हवा अडकते. सेन्सरचं टोक कूलंटऐवजी हवेत राहतं आणि भलतंच तापमान सांगतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, गाडीचं नाक चढावर करा आणि हवा निघेपर्यंत कूलंट भरत राहा. गरम झाकणाला हात लावू नका.

आता सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यात फक्त टोक बुडवा, थर्मामीटर ठेवा, ओहम मोजा. या प्रकारच्या सेन्सरला ३० अंशांना साधारण १.७ किलोओहम, ४० ला १.१ ते १.२ आणि ८० ला ०.३ च्या आसपास यायला हवेत. आकडे फार वेगळे आले किंवा अडखळत आले तरच नवा घ्या.

मॅप सेन्सर

लक्षणं तशीच, पण कूलंटचं सर्किट निर्दोष निघालं तर मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बघा. सुझुकीचा स्कॅनर मिळाला तर चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. मुंबईत उभ्या गाडीत ८६ दिसले तर सेन्सर किंवा त्याची अर्थ चुकतेय. आकडा बरोबर असून स्लोवर दाब खाली उतरत नसेल तर व्हॅक्यूमची नळी तपासा. ती फाटलेली असते किंवा इंजिन बसवताना थ्रॉटलच्या चुकीच्या बाजूला जोडलेली असते.

दुरुस्ती झाल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह काही मिनिटं काढून कोड पुसा, इंजिन पुरतं तापेपर्यंत गाडी चालवा आणि पुन्हा कोड वाचा. १२ आला आणि गरम गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर थंड आणि गरम असतानाची व्होल्टेजं ईसीयूच्या पार्ट नंबरखाली लिहून ठेवा.