दोन वेळापत्रकांचं एक कसं झालं

मुलीला घरीच शिकवायचं ठरल्यावर मी मोठ्या हौसेने तक्ता आखला: सकाळी प्राचीन इतिहास, दुपारी व्याकरण आणि निबंध. तिसऱ्या आठवड्यातच गाडी रुतली. वाचायचं एक, लिहायचं भलतंच. डोक्यात काही टिकेना.

मग निबंधाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि लेखनाचे विषय इतिहासातूनच घेतले. प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतले कायदे 'जर कोणी... तर...' अशा साच्यात आहेत. ते वाचून तिने घरासाठी दहा कायदे लिहिले (त्यातले तीन माझ्याविरुद्ध!). संकेतार्थी वाक्यं वेगळी शिकवावीच लागली नाहीत. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली रोझेटा शिला १७९९ मध्ये सापडली, फ्रेंच अभ्यासक शांपोलियनने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीची गुरुकिल्ली जाहीर केली. एवढ्यावर लिपी, वर्ण, भाषांतर असे दोन आठवडे सहज गेले.

सनावळीसाठी भिंतीवर दोरी बांधली, शंभर वर्षांना चार सेंटिमीटर. इजिप्तचा राजा खुफू याच्या पिरॅमिडपेक्षा आपण तिथल्याच राणी क्लिओपात्राला काळाने जवळचे, हे मलाही तेव्हाच उमगलं.

शुद्धलेखन मात्र यात बसलं नाही. त्याला रोज दहा मिनिटं वेगळी द्यावी लागतात, कुरकुरीसकट.