एम.फार्म.ला सीपीपी घेणार असाल तर

फार्माकॉलॉजीच्या ज्युनिअर्सचा ठरलेला प्रश्न असतो: "ताई, रॅटवर कंडिशन्ड प्लेस प्रेफरन्स करायचंय, सुरुवात कुठून करू?" सीपीपी म्हणजे हाच प्रयोग: औषध मिळालेली जागा रॅटला आवडू लागते का ते पाहायचं. सुरुवात कागदांपासून. संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या मंजुरीशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही. मॉर्फीन वापरणार असाल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचे सोपस्कार वेगळे. तोवर अ‍ॅनिमल हाउसच्या काकांकडून रॅट धरायला शिका. घाबरलेला रॅट कोपऱ्यात गोठून बसतो आणि तुमचा डेटा तिथेच बिघडतो.

पद्धत तशी सरळ आहे. पेटीचे दोन कप्पे, भिंतींचे नक्षे वेगळे, तळाचा पोतही वेगळा. आधी रॅटला मोकळं सोडून तो कुठे किती सेकंद रमतो ते मोजायचं. मग काही दिवस औषध देऊन एका कप्प्यात, सलाईन देऊन दुसऱ्यात बंद करायचं; हेच कंडिशनिंग. शेवटी काहीही न टोचता पुन्हा मोकळं सोडायचं. औषधाच्या कप्प्यात मुक्काम वाढला, तर ते औषध त्याला 'आवडलं' असं म्हणतात. अर्ध्या रॅटना औषध डाव्या कप्प्यात, अर्ध्यांना उजव्या, हे विसरू नका.

पण नुसत्या सेकंदांवर माझा विश्वास नाही. हालचालही मोजा. मॉर्फीनचा मोठा डोस रॅटला आधी सुस्त करतो, अ‍ॅम्फेटामीन त्याला पळवत सुटतं. शेवटची चाचणी औषधाविना घेतात ती यासाठीच, नाहीतर पेंगुळलेला रॅट जिथे आडवा होईल तीच त्याची आवड ठरायची! कंडिशनिंगच्या दिवसांतली धावपळही नोंदवा. तोच डोस पुन्हा पुन्हा देऊन हालचाल वाढत गेली, तर त्याला सेन्सिटायझेशन म्हणतात, आणि तो निष्कर्ष वेगळा मांडावा लागतो. पुष्कळ थिसिसमध्ये हा भाग एका आलेखात उरकलेला दिसतो. मला ते पटत नाही.

पोटात इंजेक्शन रॅटच्या उजव्या बाजूला, खालच्या भागात द्या, कारण सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, बहुधा डावीकडे असतं. प्रत्येक रॅटनंतर पेटी अल्कोहोलने पुसा आणि वास उडेपर्यंत थांबा. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, तेव्हा दोन रॅटमध्ये जास्त वेळ धरा.

आणि कंडिशनिंगला रविवारची सुट्टी नसते. डोसची वेळ रोज तीच हवी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत येणाऱ्यांनी वेळापत्रक आखतानाच मेगाब्लॉक गृहीत धरावा, किंवा नेरुळ-बेलापूरला राहणाऱ्या मैत्रिणीशी रविवारची पाळी आधीच ठरवून घ्यावी. अर्थात, मंजुरीच्या कागदांवर तिचंही नाव असेल तरच.