अमेरिकेच्या साउथमध्ये कुणाला काय हाक मारायची (खास 'अंकल-आंटी'वाल्यांसाठी)

बर्मिंगहॅमला, म्हणजे साउथमधल्या अलाबामा राज्यातल्या, येऊन मला आता नऊ वर्षं होतील आणि दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा इकडे आले की तोच प्रश्न येतो, अरे इथे लोकांना हाक काय मारायची, नावानं मारली तर उद्धट वाटतं आणि काका म्हणावं तर लोक विचित्र बघतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी फजिती ऐका. आल्यावर पहिल्याच महिन्यात, ऑफिसच्या बिल्डिंगला रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले होते, ब्लॅक गृहस्थ, पासष्टीच्या आसपासचे, बूट इतके चकचकीत की त्यात ट्यूबलाइट दिसायची. माझं कार्ड चालेना, त्यांनी दार उघडून दिलं, मी आपला संस्कारी मुलगा, 'थँक्यू अंकल' म्हणालो. त्यांनी हँडल सोडलं नाही. दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि आवाज जराही न चढवता स्वतःचं आडनाव सांगितलं, आधी मिस्टर लावून. बस्स, एवढंच. मला वाटलं काय खडूस माणूस आहे, आपण मान देतोय आणि याला लागतंय. दुसऱ्या दिवशी डबा खाताना टीममधल्या एका सीनियर बाईंना सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि मला नीट समजावून सांगितलं.

तर अंकलचं प्रकरण असंय. गुलामगिरीच्या काळात, आणि १८६५ ला ती कायद्याने संपल्यावरसुद्धा पुढे जवळजवळ शंभर वर्षं, साउथमधले बहुतेक गोरे लोक ब्लॅक माणसाला मिस्टर लावायचे नाहीत आणि बाईला मिसेस लावायचे नाहीत. पुरुष असला तर 'बॉय', म्हणजे चाळिशीचा बाप्या झाला तरी बॉयच, आणि केस पिकले की अंकल नाहीतर आंटी. वरवर बघता वयाचा मान, पण खरं म्हणजे मिस्टर म्हणणं टाळायची पळवाट. पॅनकेकच्या पिठावरची आंट जेमायमा आणि तांदळाच्या खोक्यावरचे अंकल बेन ही नावं त्याच सवयीतली, २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी ती बदलायचं जाहीर केलं. रेल्वेच्या स्लीपर डब्यातल्या ब्लॅक पोर्टरना तर प्रवासी सरसकट 'जॉर्ज' म्हणायचे, का, तर ते डबे चालवणाऱ्या कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. म्हणजे हाकेलासुद्धा मालकाचंच नाव.

आपल्या लोकांना हे फार समजावून सांगावं लागू नये खरं तर. गावात सत्तरीच्या दलित म्हाताऱ्याला वाड्यातलं दहा वर्षांचं पोरगं 'ए म्हाद्या' करून हाक मारायचं आणि म्हाताऱ्याने वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं, आणि त्या जोहारच्या जागी पुढे 'जय भीम' आला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अलाबामा समजायला पाच मिनिटं पुरतात. आणि ज्याला ठाऊक नाही त्याने आधी ते वाचावं मग इकडे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर गॅडस्डेन नावाचं गाव आहे. १९६३ च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टात मेरी हॅमिल्टन साक्षीला उभी होती, नागरी हक्कांच्या चळवळीची कार्यकर्ती, आंदोलनात अटक झालेली. सरकारी वकील तिला नुसतं 'मेरी' म्हणाला. तिने उत्तरच दिलं नाही, आधी मिस हॅमिल्टन म्हणा मग बोलते. जज्जने सांगून बघितलं तरी तेच. शेवटी कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड. केस पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६४ च्या मार्चमध्ये ती शिक्षा रद्द झाली.

आता करायचं काय ते सांगतो.

इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळं एकाच 'यू'मध्ये, त्यामुळे आपला सगळा अहो-जाहो तिथे मिस्टर, मिस, सर, मॅम यातच भरलेला असतो, ते काढलं की मागे उरतं नुसतं अरे-तुरे. म्हणून वयाने मोठ्या माणसाला पहिल्या भेटीत मिस्टर किंवा मिस आणि पुढे आडनाव. ते 'कॉल मी अमुक' म्हणाले की मग खुशाल नावाने. न कळलं तर सरळ विचारायचं, 'व्हॉट शुड आय कॉल यू?', यात काही कमीपणा नाही. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच बोलावतात तिथे तेच करा, पण एक बघा, तुम्ही गोऱ्या डॉक्टरला डॉक्टर अमुक म्हणताय आणि ब्लॅक डॉक्टरीणबाईंना नुसतं नावाने, असं नकळत होतंय का. मी स्वतःला एकदा पकडलंय. तेव्हापासून नियम एकच, एकाला लावलं की सगळ्यांना लावायचं.

सर आणि मॅम तर इथे पाण्यासारखं वापरतात. आपल्याकडे 'सर' फक्त वरच्या दिशेने जातं, साहेबाला सर, वॉचमनला 'ए भाऊ'. इथे ते सगळीकडे जातं, बसचा ड्रायव्हर, वॉलमार्टच्या काउंटरवरची बाई, संडास साफ करणारा माणूस, सगळ्यांना 'येस सर', 'थँक्यू मॅम', आणि तेही तुम्हाला तसंच म्हणतात. आपले लोक मॅनेजरला सर म्हणतात आणि क्लीनिंगवाल्या बाईला नुसती मान हलवून दाखवतात ना, ते सगळ्यांना दिसतं. त्यांना तर दिसतंच.

ओळख झालेल्या म्हाताऱ्या शेजारणीला साउथमध्ये 'मिस' लावून पहिलं नाव घेतात, लग्न झालेलं असलं तरी मिसच, आपल्या 'ताई'च्या जवळ जातं ते. मुलांना हे शिकवा, मित्राच्या आईला आंटी म्हणण्यापेक्षा हे बरं. आंटी कायमच वाईट असं नाही हां, ब्लॅक घरांमध्ये ते आपसात आंटी म्हणतातच, आणि एखादीने स्वतःहून सांगितलं की मला आंटी म्हण तर तो खरा मान, नक्की म्हणा. पण ते त्यांनी द्यायचं, आपण उचलून घ्यायचं नाही.

'बॉय' हा शब्द डोक्यातून काढूनच टाका. आपण अगदी सहज म्हणतो डिलिव्हरी बॉय, ऑफिस बॉय, आणि समोर पंचेचाळीस वर्षांचा माणूस पिझ्झा घेऊन उभा असतो. फोनवर 'द डिलिव्हरी बॉय इज हिअर' असं दारात उभं राहून म्हटलं तर काय होईल विचार करा. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या, 'आय ॲम अ मॅन', मी माणूस आहे, पुरुष आहे, बॉय नाही. आणि हे जुनं झालं असं वाटत असेल तर परत गॅडस्डेन, तिथल्या चिकनच्या कारखान्यातल्या दोन ब्लॅक कर्मचाऱ्यांना प्रमोशन नाकारलं, मॅनेजर त्यांना बॉय म्हणायचा, खालच्या कोर्टाचं म्हणणं की नुसतं बॉय म्हटल्याने वर्णद्वेष सिद्ध होत नाही, बॉयच्या आधी 'ब्लॅक' लावायला हवं होतं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं, की शब्द कसा म्हटला, कुठे म्हटला, त्या भागात त्याचा इतिहास काय, हे सगळं बघावं लागतं. डिलिव्हरीवाला म्हणायचं असेल तर 'ड्रायव्हर' म्हणा, काम होतं.

आता नाजूक विषय, आपलं मराठी बोलणं. दुकानात उभं राहून 'तो काळा बघ', 'कल्लू', 'हबशी', 'निग्रो', हे सर्रास चालतं आणि आपल्याला वाटतं त्यांना काय कळतंय. अहो कळतं! शब्द नाही कळला तरी तुमची नजर कळते, आवाज एकदम खाली गेलेला कळतो, आणि निग्रो तर त्यांच्याच भाषेतला शब्द आहे. निळ्या शर्टवाले, टोपीवाल्या बाई, असं म्हणा, जसं आपण मराठी माणसाबद्दल म्हटलं असतं. वंशाबद्दलच बोलायचं असेल तर ब्लॅक म्हणा, कृष्णवर्णीय हा शब्द लिहायला ठीक आहे पण बोलताना वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. तो 'एन'वाला शब्द, म्हणजे ब्लॅक लोकांना दिली जाणारी 'एन'ने सुरू होणारी शिवी, गाण्यात असला तरी तुम्ही गाऊ नका, यावर चर्चा नाही.

नावं छाटू नका हे वेगळं सांगायला नको. आपल्या ज्ञानेश्वरचा 'डॅन' केला की आपण आठवडाभर धुसफुसतो, मग समोरच्याचं नाव लांब वाटलं म्हणून तोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला? दोनदा विचारा, म्हणून बघा.

उलट बाजूने, हॉटेलातली बाई तुम्हाला 'बेबी', 'हनी' म्हणेल, कुणी 'माय ब्रदर' म्हणेल, तर लाजू नका आणि मुख्य म्हणजे उलट 'बेबी' म्हणू नका. हसून येस मॅम म्हणा.

आणि चुकलं तर? सॉरी सर, मग नीट नाव, संपलं. 'इन अवर कल्चर अंकल म्हणजे रिस्पेक्ट' हे भाषण तिथे द्यायचं नाही, त्याने त्यांनाच तुमची समजूत काढत बसावी लागते. मी दिलं नाही कारण तेव्हा मला सुचलंच नाही, नशीब माझं. त्या रात्रीनंतर रोज जाताना 'गुड नाइट मिस्टर अमुक', महिना-दीड महिना गेला आणि एक दिवस त्यांनी विचारलं, तुझं नाव नीट कसं म्हणायचं ते परत सांग.

आईबाबा यायच्या आधी एक काम करा, फ्रीजवर कागद लावा, देवनागरीत, शेजारचे कोण, त्यांना काय म्हणायचं, मोठ्या अक्षरात. आमच्या फ्रीजवर मागच्या वर्षीचा अजून आहे, समोरच्या घरातल्या आजींचं नाव आधी मी नुसतंच लिहिलं होतं, आईने पेनाने त्याच्या अलीकडे 'मिस' घुसवलंय आणि खाली लिहिलंय, 'अहो म्हणायचं असेल तर मॅम.'